भावाच्या रिपोर्टमध्ये बीडीएनएफ कमी आलं, म्हणजे मेंदू खराब झाला का?

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत थोडक्यात सांगतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही जालन्याच्या. भाऊ २४ वर्षांचा, दीड-एक वर्ष नाकाने एमडी ही नशेची पावडर ओढत होता, सोबत दारूही चालायची. तीन आठवड्यांपासून बंद आहे आणि तो एका खाजगी व्यसनमुक्ती केंद्रात आहे. तिथे त्याचं ‘विथड्रॉवल प्रोफाइल’ (विथड्रॉवल म्हणजे नशा सोडल्यावरचा त्रास) नावाचं १८,००० रुपयांचं रक्ततपासणीचं पॅकेज केलं. रिपोर्टमध्ये बीडीएनएफ (मेंदूतल्या पेशींना जगवणारं प्रथिन) आणि डोपामिन (पेशींमधला निरोप नेणारं रसायन) कमी, तर कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन), प्रोलॅक्टिन (आणखी एक हार्मोन) आणि इंटरल्युकिन-६ (दाहाची खूण) जास्त आलं. केंद्रवाले म्हणतात मेंदूला इजा झालीय, हे आकडे नॉर्मल होईपर्यंत आणखी तीन महिने ठेवा आणि दर महिन्याला तपासणी करा. तुम्ही विचारताय, हे खरं का, आणि पुन्हा तपासणी करावी का.

पुन्हा करू नका. त्या आकड्यांवरून तीन महिन्यांचा निर्णयही घेऊ नका. आता हे का, ते सविस्तर लिहितो, कारण ‘सगळं फसवणूक आहे’ एवढंच म्हणून सोडलं तर तेही खरं होणार नाही. या घटकांवर संशोधन झालंय आणि चालू आहे. पण संशोधनातली गोष्ट उचलून एका माणसाच्या बिलात टाकली की तिचा अर्थ बदलतो.

आणखी एक. तुमचा खरा प्रश्न बीडीएनएफचा नाहीच, असं मला वाटतं. तो यातून बाहेर आला का, हे आम्ही कशावरून ओळखायचं, हा तो प्रश्न आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक आईवडील तोच विचारतात. ‘डॉक्टरसाहेब, लेकराचं रक्त तपासा, आतून काय चाललंय ते निघू द्या.’ दीड वर्षात पोरगं इतकं खोटं बोललेलं असतं की त्याच्या तोंडच्या शब्दावर कुणाचा विश्वास उरत नाही, म्हणून कागदावर ठेवावासा वाटतो. ही गरज खरी आहे आणि असली पॅकेजं तिच्यावरच विकली जातात.

मी मानसोपचाराचं काम मराठवाड्यातच करतोय. पूर्वी ओपीडीत दारू, गांजा आणि ‘बटन’, म्हणजे झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या, एवढंच यायचं. आता एमडी येतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पैठणच्या एमआयडीसीत धाड पडली, २०२५ मध्ये तुळजापुरातलं प्रकरण बाहेर आलं, त्यामुळे हे मुंबई-पुण्याचं खूळ आहे असं आता आपल्याकडे कुणी म्हणत नाही. एमडी म्हणजे मेफेड्रोन. भारतात ते २०१५ मध्ये एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. जगातला बराचसा अभ्यास कोकेन आणि मेथॅम्फेटामिन या तशाच उत्तेजक नशांवर झालाय, मेफेड्रोनच्या विथड्रॉवलवर फार थोडा. म्हणजे आम्ही डॉक्टर जे सांगतो त्यातलं पुष्कळ त्या दोन भावंडांवरून काढलेलं असतं. याच वस्तूसाठी ‘नॉर्मल आकडा’ इतका ठामपणे सांगणाऱ्या माणसाबद्दल तेवढ्यावरूनच शंका यायला हवी.

एमडी घेतलं की मेंदूतल्या पेशी डोपामिन, सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिन भसाभस बाहेर सोडतात. असर दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून पोरं रात्रभर पुन्हापुन्हा घेत राहतात. बंद केलं की उलटी बाजू येते. पहिले काही दिवस माणूस मेल्यासारखा झोपतो, उठला की हावऱ्यासारखा खातो, बोलत नाही, डोळ्यांत पाणी येतं. मेथॅम्फेटामिनमध्ये हा जोराचा काळ साधारण आठवडा ते दहा दिवसांचा असतो आणि पुढे दोनेक आठवडे झोप, मूड आणि चिडचिड हळूहळू जागेवर येते. कोकेनबद्दल १९८६ मध्ये गॉविन आणि क्लेबर या दोघांनी तीन टप्प्यांची मांडणी केली होती. नंतर दाखल रुग्णांवरच्या अभ्यासांत एवढे स्वच्छ टप्पे काही दिसले नाहीत, त्रास हळूहळू उतरत गेला. तुमचा भाऊ तिसऱ्या आठवड्यात अजून जास्त झोपतो, कशातच रस घेत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तीन आठवड्यांना हे अपेक्षितच आहे. त्याला मेंदूची कायमची इजा म्हणू नये.

आता रिपोर्टकडे येऊ. सगळ्यात सोपं डोपामिन, ते आधी उरकतो. रक्तातलं डोपामिन मुख्यतः आतडी, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आणि शरीरभरच्या मज्जातंतूंमधून येतं. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये जी चाळणी असते ती डोपामिनला आरपार जाऊ देत नाही. जायकवाडीत किती टक्के साठा आहे ते वाचून आपल्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार ते कळतं का? तसंच हे. ही तपासणी काही विशिष्ट गाठी शोधायला वापरतात. व्यसनासाठी ती केली असेल तर पॅकेज बनवणाऱ्याचं ज्ञान किती, ते तिथेच कळलं.

प्रोलॅक्टिनची गोष्ट त्याहून मजेदार आहे. मेंदूतलं डोपामिन प्रोलॅक्टिनला दाबून ठेवतं, म्हणून डोपामिन कमी पडलं की प्रोलॅक्टिन वाढेल, हा तर्क चुकीचा नाही. कोकेन सोडणाऱ्यांत ते वाढल्याचं काही जुन्या अभ्यासांत दिसलं, काहींत दिसलं नाही. पण ताई, तुम्ही सोबत टाकलेल्या औषधांच्या यादीत रिस्पेरिडोन ही मानसोपचारातली गोळी आहे. एमडीमुळे संशय, भास असतील तर आम्हीही ते देतो. आणि रिस्पेरिडोन प्रोलॅक्टिन वाढवतं, हे एमबीबीएसच्या मुलालाही पाठ असतं. म्हणजे गोळी द्यायची, गोळीने वाढलेला आकडा मोजायचा, आणि तोच ‘नशेचा परिणाम’ म्हणून दाखवायचा. हे मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी रिपोर्ट आणि औषधांची यादी कुणी शेजारी-शेजारी ठेवून बघितलेलीच नसते.

कॉर्टिसॉल सकाळी उठल्यानंतर सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी. ज्याची झोपच उलटीपालटी झालीय, जो अकराला उठतो, त्याचं रक्त कधी घेतलं? रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ बघा, बऱ्याचदा ती लिहिलेलीच नसते. शिवाय कोंडून ठेवलंय म्हणून घाबरलेला, सुईला भ्यालेला माणूस. त्याचं कॉर्टिसॉल जास्त आलं तर त्यात नवल काय!

इंटरल्युकिन-६ म्हणजे शरीरात कुठेतरी दाह चालू असल्याची खूण. उत्तेजक नशेच्या अभ्यासांत ही वाढ दिसते खरी. पण ती किडलेल्या दाढेनेही होते, सर्दीतापाने होते, सिगारेटने होते, वाढलेल्या वजनाने होते. एमडीवाल्यांचे दात बघा एकदा. तोंड कोरडं, रात्रभर दात-ओठ खाणं, हिरड्या सुजलेल्या. नाकाने ओढणाऱ्याचं नाक आतून सोललेलं. आधी दाताच्या डॉक्टरला दाखवा, मग इंटरल्युकिनबद्दल बोलू.

राहिलं बीडीएनएफ, आणि यात थोडं थांबायला हवं, कारण घाबरवण्यासाठी हेच सगळ्यात जास्त वापरलं जातं. ब्रेन-डिराइव्ड न्यूरोट्रॉफिक फॅक्टर. मेंदूतल्या पेशींना जगवणारं, त्यांच्यात नवे दुवे जोडायला मदत करणारं प्रथिन. नावातच ‘ब्रेन’ आहे, म्हणून कमी आलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पण रक्तातल्या बीडीएनएफचा मोठा साठा प्लेटलेटमध्ये असतो. रक्त गोठताना प्लेटलेट फुटतात आणि ते बाहेर पडतं. म्हणून साकळलेल्या रक्ताच्या सीरममध्ये ते कित्येक पट जास्त दिसतं आणि न गोठू दिलेल्या प्लाझ्मात कमी. एकाच माणसाचं, एकाच वेळचं रक्त, पण नळी बदलली की आकडा बदलला.

आता तुमच्या भावाच्या नमुन्याचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. कलेक्शनचा मुलगा केंद्रात येतो, लाल झाकणाच्या नळीत रक्त घेतो, खिशातल्या पट्टीवर नाव लिहितो. आणखी तीन-चार ठिकाणी जायचं असतं, म्हणून नळी बॅगेत. डब्यातल्या बर्फाच्या पिशव्या दुपारपर्यंत कोमट झालेल्या. जालन्याच्या मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत हात घालून बघा, चटका बसतो. मग सेंटरवर सीरम वेगळं काढायचं, आणि तिथून नमुना मोठ्या शहरात. रक्त किती वेळ गोठू दिलं, कोणत्या तापमानाला, सीरम किती तासांनी वेगळं केलं, या सगळ्याने बीडीएनएफचा आकडा हलतो. संशोधनात या गोष्टी मिनिटं मोजून पाळतात. शुगर-क्रिएटिनिनच्या रोजच्या नमुन्यांतसुद्धा वेळ-तापमान महत्त्वाचं असतं, पण तिथे निदान सगळ्या प्रयोगशाळांना माहीत असलेली पद्धत आणि ठरलेली मर्यादा आहे. बीडीएनएफला तशी सर्वमान्य ‘नॉर्मल रेंज’ नाही. रिपोर्टवर उजवीकडे जी छापलेली असते ती बहुतेक वेळा किट बनवणाऱ्याने दिलेली असते. आणि हो, आपल्याकडे पावसाळ्यानंतर डेंग्यूची लाट येते. डेंग्यूत प्लेटलेट उतरलेल्या असताना नमुना घेतला तर बीडीएनएफ कमीच येणार. त्याचा एमडीशी काय संबंध?

समजा नमुना अगदी काटेकोर घेतला. तरी अडचण उरते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. कमी चांगलं की जास्त चांगलं, हेच नीट ठरलेलं नाही. कोकेन-मेथॅम्फेटामिनच्या काही अभ्यासांत सोडणाऱ्यांचं बीडीएनएफ निरोगी माणसांपेक्षा कमी आढळलं, काहींत जास्त. २०११ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने कोकेन सोडून तीन आठवडे झालेले रुग्ण तपासले. त्यांचं बीडीएनएफ निरोगी लोकांपेक्षा जास्त होतं, आणि ज्यांचं जास्त होतं ते पुन्हा लवकर नशेकडे वळले. उंदरांवरच्या कामातही असंच काहीसं दिसतं. कोकेन बंद केल्यावर मेंदूच्या काही भागांत बीडीएनएफ आठवड्यागणिक वाढत जातं, आणि त्याच काळात नशेशी जोडलेला खुणेचा दिवा किंवा आवाज मिळाला की नशा मागणंही वाढत जातं. तेव्हा त्या केंद्रवाल्यांना एकच विचारा. पुढच्या महिन्यात आकडा वाढला तर त्याला तुम्ही बरं होणं म्हणणार की धोका? त्यांच्याकडे याचं उत्तर नसेल. अजून कुणाकडेच एका रुग्णापुरतं ते नाही.

गटाची सरासरी ही वेगळी गोष्ट. पन्नास रुग्ण आणि पन्नास निरोगी माणसं घेतली तर सरासरीत फरक दिसेल, पण दोन्हीकडचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एखादी नळी हातात देऊन ‘हा कोणत्या गटातला’ असं विचारलं तर मी सांगू शकणार नाही. संशोधकांना त्या फरकातून आजार कसा चालतो ते समजतं, पुढे एखादं औषध सुचतं. तुमच्या भावाला घरी कधी न्यायचं, हे त्यातून निघत नाही.

मेंदू सावरतो का? सावरतो, पण त्याला वेळ लागतो. २००१ मध्ये नोरा वोल्को यांच्या गटाने मेथॅम्फेटामिन सोडलेल्यांचे मेंदूचे पीईटी स्कॅन केले. वर्षभराहून जास्त काळ लांब राहिलेल्यांत डोपामिन वाहून नेणाऱ्या प्रथिनांची कमतरता बरीच भरून आलेली दिसली. विचार-हालचालीच्या चाचण्यांत मात्र सुधारणा तितकी पूर्ण नव्हती. हे स्कॅनवरचं काम आहे, रक्तावरचं नाही, आणि ते स्कॅनही रुग्णाच्या उपचारासाठी करत नाहीत. मी सांगतोय ते एवढ्यासाठी की ‘मेंदू कायमचा गेला’ हे वाक्य तुम्ही भावासमोर कुणालाही बोलू देऊ नये. पोरं ते धरून बसतात. एकदा गेलाच आहे तर आता सोडून काय उपयोग, असा सरळ हिशोब लावतात.

मग रक्त तपासायचंच नाही का? तपासायचं, पण वेगळ्या गोष्टींसाठी, आणि यातलं काय काय लागेल हे परिस्थितीवर आहे. माझ्याकडे एमडीचा रुग्ण आला की हिमोग्राम, लिव्हर, किडनी, सोडियम-पोटॅशियम, साखर हे होतंच. रात्ररात्र जागून, नाचून, पाणी न पिता आला असेल आणि अंग प्रचंड दुखत असेल, लघवी गडद असेल तर सीपीके, म्हणजे स्नायूंच्या इजेची तपासणी, कारण स्नायू वितळून किडनीवर ताण येतो. छातीत दुखलं असेल तर ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी तपासणी), तेही लगेच, ‘पोरगं तरुण आहे’ म्हणून उद्यावर न टाकता. थायरॉइड एकदा बघतो, कारण धडधड, वजन उतरणं, चिडचिड हे सगळं वाढलेल्या थायरॉइडमध्येही दिसतं आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. सुई वापरली असेल, किंवा नशेत असुरक्षित संबंध आले असतील, तर एचआयव्ही, कावीळ बी आणि सी. हे विचारायला घरच्यांना जड जातं, म्हणून घरच्यांना बाहेर बसवून मीच विचारतो. यातल्या जवळपास सगळ्या तपासण्या छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला, लातूर-नांदेडच्या शासकीय महाविद्यालयांत होतात. तिथे मानसोपचार विभागही आहेत.

दारूचं मात्र वेगळं बघा. एमडी अचानक सोडल्याने सहसा फिट येत नाहीत. दारू किंवा ‘बटन’ रोजचं असेल आणि ते अचानक तोडलं, तर फिट येऊ शकतात, माणूस भ्रमात जाऊन जिवावर बेतू शकतं. भावाच्या बाबतीत ते दिवस निघून गेलेत, पण पुढे कधी पुन्हा सुरू झालं तर घरी कोंडून ‘उतरवायचा’ प्रयत्न करू नका.

लघवीच्या पट्टीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या साध्या अॅम्फेटामिनच्या पट्टीत मेफेड्रोन बऱ्याचदा पकडलं जात नाही. म्हणजे पट्टी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. उलट सर्दीच्या काही गोळ्यांनी, रॅनिटिडिनसारख्या औषधाने ती खोटी पॉझिटिव्हही येते, आणि त्यावरून घरात महाभारत होतं. चाचणी करायचीच असेल तर मेफेड्रोन ओळखणारी, अचानक, आणि भावाशी आधी बोलून ठरवलेली असावी. निगेटिव्ह आली की त्याला काहीतरी छोटं मिळावं. त्याच्या आवडीचं जेवण चालेल, गाडीची चावीही चालेल. उत्तेजक नशेच्या बाबतीत जगभर सगळ्यात जास्त उपयोगी ठरलेल्या उपचारांत असं बक्षीस बांधण्याचा उपचार वरच्या रांगेत आहे. या नशेसाठी मान्यता मिळालेली कोणतीही खास गोळी आजही नाही. झोप, उदासी, संशय यांवर आम्ही औषधं देतो, ती त्या-त्या त्रासासाठी.

आता आकड्यांऐवजी मी काय बघतो? झोप रात्रीकडे सरकली का. जेवताना चव लागते का. घरातल्या बारीक गोष्टींवरून भडका उडणं कमी झालं का. युपीआयच्या नोंदींत शंभर-दोनशेचे विचित्र व्यवहार आहेत का. जुन्या मित्राचा फोन आला तेव्हा त्याने काय केलं, आणि मुख्य म्हणजे ते त्याने स्वतःहून सांगितलं का. एका आईने मला सांगितलं होतं, ‘सर, आज त्यानं बापाला विचारलं, सोयाबीन कामून विकलं नाई अजून.’ मी फाइलमध्ये लिहून ठेवलं. स्वतःच्या बाहेरच्या गोष्टीत माणूस रस घ्यायला लागला, हे माझ्यासाठी कोणत्याही इंटरल्युकिनपेक्षा मोठं आहे. तलफ मात्र पुढेही येणार. अनेकांना ती पहिल्या आठवड्यापेक्षा दीड-दोन महिन्यांनी जास्त जोरात येते, आणि नेमकी तेव्हाच घरच्यांची नजर सैल झालेली असते.

एका गोष्टीत हयगय नको. पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचा विचार येऊ शकतो. ‘जगून काय करू’, ‘तुम्हाला माझा त्रास’ असं तो बोलला, किंवा फार गप्प-गप्प राहून अचानक वस्तू वाटायला लागला, तर त्याला स्पष्ट विचारा. विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही. एकटं सोडू नका, शेतातली औषधं, फवारणीचे डबे कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. नशेबद्दल सल्ल्यासाठी १४४४६ आहे.

केंद्रात ठेवण्याबद्दल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे प्रौढ माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध ठेवायचं तर त्याला अटी आहेत, डॉक्टरांनी तपासून लिहावं लागतं, आणि पहिली मुदत ३० दिवसांची असते. ‘बीडीएनएफ नॉर्मल होईपर्यंत’ हे त्यात बसणारं कारण नाही. केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा प्रत्यक्ष येतात, आणि समुपदेशन कोण करतं, हे विचारा. भाऊ स्वतः राहायला तयार असेल, तिथे त्याला मारहाण होत नसेल आणि घराजवळच माल मिळत असेल, तर आणखी काही आठवडे राहणं फायद्याचंही ठरेल. ते परिस्थितीवर ठरवा, रक्ताच्या रिपोर्टवर नको. पोलीस केसच्या भीतीने सरकारी दवाखाना टाळत असाल तर एनडीपीएसचं कलम ६४-अ वकिलाकडून समजून घ्या. थोड्या प्रमाणातल्या सेवनासाठी, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, मात्र उपचार अर्धवट सोडला तर ते काढूनही घेतलं जातं.

येत्या आठवड्यात एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला एकदा स्वतंत्रपणे दाखवा. जाताना सध्याच्या गोळ्यांची पाकिटं, ईसीजी झाला असेल तर तो, आणि केंद्राची केसपेपरची प्रत न्या. प्रत मागणं हा तुमच्या भावाचा हक्क आहे. तो १८,००० चा रिपोर्टही न्या, त्यातला हिमोग्राम आणि लिव्हरचा भाग कामाचा असेल. रिस्पेरिडोन अजून लागतंय का, हे तिथे नक्की विचारा. संशय-भास थांबून किती दिवस झाले यावर ते ठरेल, आणि ते भावाला तुमच्यासमोर नाही, एकट्याला विचारू द्या.